हुडहुडी भरून आलेला ताप आणि एआरटीची गोळी : न्यूमोकोकसचा आजार वेळीच ओळखा



दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या टोळ्या ऊसतोडीला बाहेर पडतात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आणि लेकरांच्या घरांत त्याच सुमारास सर्दी-खोकल्याचे दिवस सुरू होतात. थंडीतला खोकला बहुतेक वेळा चार-सहा दिवसांत आपोआप बरा होतो. पण काही माणसांच्या बाबतीत एका रात्रीत ताप चढतो, दुसऱ्या दिवशी धाप लागते आणि तिसऱ्या दिवशी जीव धोक्यात येतो. असा आजार करणाऱ्या जंतूंमधला एक मोठा जंतू म्हणजे न्यूमोकोकस. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला त्याचा धोका इतरांपेक्षा अनेक पटींनी जास्त असतो. या महिन्याच्या पानावर त्याचाच पाठ आहे. घरात कोणाला एचआयव्ही नसला तरी हा पाठ वाचा. साखरेचा आजार, दमा, हृदयविकार असलेल्यांना, पासष्टीच्या पुढच्या माणसांना आणि दोन वर्षांखालच्या लेकरांनाही हाच जंतू गाठतो.

हा जंतू कोण?

न्यूमोकोकस हा जिवाणू आहे. १८८१ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग या दोघांनी तो स्वतंत्रपणे शोधला. सूक्ष्मदर्शकाखाली तो जोडीजोडीने दिसतो. त्याच्या अंगाभोवती साखरेच्या जातीच्या पदार्थाचे एक निसरडे कवच असते. या कवचाच्या फरकावरून त्याचे शंभराहून अधिक प्रकार मोजले गेले आहेत.

निरोगी माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या नाकात-घशात हा जंतू काही त्रास न देता राहू शकतो. खोकताना, शिंकताना उडणाऱ्या थेंबांतून तो दुसऱ्याकडे जातो. नाका-घशातून फुफ्फुसात उतरला की न्यूमोनिया होतो. रक्तात शिरला की सगळ्या शरीरात विष पसरल्यासारखी अवस्था होते. मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचला की मेंदूज्वर होतो. रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरलेला आजार सर्वांत गंभीर असतो.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. घरातल्या एचआयव्ही असलेल्या माणसापासून लेकरांना धोका आहे, असे समजून त्याचे ताट-वाटी, अंथरूण वेगळे करणारी घरे अजूनही आहेत. ताटातून, अंथरुणातून, एका मोरीतून एचआयव्ही पसरत नाही. न्यूमोकोकसच्या बाबतीत तर उलट आहे : हा जंतू बहुधा सर्दी झालेल्या लेकराकडून त्या माणसाकडे जातो. काळजी घ्यायची ती त्याची.

एचआयव्ही असलेल्यांनाच इतका धोका का?

शरीरात शिरलेल्या जंतूला पकडून खाणाऱ्या पेशी आपल्या रक्तात असतात. पण न्यूमोकोकसच्या निसरड्या कवचामुळे तो त्यांच्या हाती लागत नाही. त्याला पकडायचे तर आधी त्याच्यावर खूण करावी लागते. ही खूण म्हणजे प्रतिपिंडे, जी बी नावाच्या पेशी तयार करतात. त्यांना हे काम नीट करायला सीडी फोर पेशींची मदत लागते. एचआयव्ही नेमक्या या सीडी फोर पेशी मारतो आणि बी पेशींचेही काम बिघडवतो. मग खुणा कमी पडतात, जंतू सुटतो आणि वेगाने वाढतो.

एचआयव्हीबरोबर येणारे काही आजार, उदाहरणार्थ न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया, बहुधा सीडी फोर २०० च्या खाली गेल्यावर होतात. न्यूमोकोकस तेवढी वाट पाहत नाही. सीडी फोर जितके कमी तितका धोका जास्त हे खरे. पण आकडा चांगला असतानाही हा आजार होऊ शकतो. एआरटीच्या गोळ्यांनी धोका खूप उतरतो, मात्र तो इतरांइतका कमी होत नाही. म्हणून “माझे सीडी फोर पाचशे आहेत, मला काय होतंय?” असे म्हणून तापाकडे दुर्लक्ष करू नये. ज्यांना एकदा हा आजार होऊन गेला, त्यांना तो पुन्हा होण्याची शक्यता असते. त्यांनी तर अधिकच सावध राहावे.

ओळखायचे कसे?

एचआयव्ही असलेल्या माणसाला खोकला झाला की घरच्यांच्या डोक्यात आधी टीबी येतो. टीबीची तपासणी करायलाच हवी. पण या तीन आजारांची चाल वेगवेगळी असते, ती समजून घ्या.

न्यूमोकोकसचा न्यूमोनिया अचानक येतो. सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी हुडहुडी भरून तापतो. श्वास घेताना किंवा खोकताना छातीत एका बाजूला कळ मारते. बेडका पिवळा, कधी गंजासारखा विटकरी येतो. एक-दोन दिवसांत धाप लागते.

टीबी हळूहळू येतो. खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे हे सगळे आठवड्यांच्या हिशेबाने चालते.

न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनियाही बहुधा सावकाश वाढतो. खोकला कोरडा असतो, आणि चार पावले चालले तरी दम लागतो.

ही वर्णने घरी निदान करण्यासाठी नाहीत. दोन आजार एकाच वेळीही असू शकतात. पण “टीबीच असेल, सोमवारी थुंकी तपासू” असे म्हणून शनिवार-रविवार घालवू नये, एवढ्यासाठी चाल माहीत असावी.

मेंदूज्वराची लक्षणे वेगळी आहेत : जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, मान ताठ होणे, उजेड सहन न होणे, बरळणे, गुंगी, झटके. अशा माणसाला “बाहेरचं काही झालंय” म्हणून अंगारा लावत बसू नये. येथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. बरे झाले तरी उशिरामुळे बहिरेपण किंवा इतर अपंगत्व मागे राहू शकते.

श्वास मोजायला शिका

यंत्र लागत नाही. घड्याळ किंवा मोबाईल घ्या. माणूस शांत बसलेला असताना छाती किंवा पोट पूर्ण एक मिनिट पाहा आणि किती वेळा वर येते ते मोजा. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला ३० च्या पुढे गेला तर तो धोका आहे. लेकरांसाठी आकडे असे : दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त. लेकरू रडत असताना मोजू नका.

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर घरी थांबू नका :

– श्वास वर सांगितल्याप्रमाणे जलद असणे, बोलताना वाक्य पूर्ण न होणे
– लेकराच्या बरगड्यांखालचा भाग श्वासासोबत आत ओढला जाणे, दूध न पिणे
– ओठ किंवा नखे निळसर पडणे, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९४ च्या खाली दिसणे
– बरळणे, न ओळखणे, उठवूनही जाग न येणे
– लघवी फार कमी होणे, हात-पाय गार पडणे
– मान ताठ होणे, झटका येणे

या खुणा नसल्या तरी, एचआयव्ही असलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आणि खोकला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. “दोन दिवस बघू” हा नियम त्याच्यासाठी नाही.

कुठे जायचे, काय सांगायचे?

आपल्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे. आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. एआरटी केंद्रही तेथेच आहे. एक्स-रे, रक्ततपासणी, ऑक्सिजन, भरती या सोयी एका आवारात मिळणे ही मोठी गोष्ट आहे. अंबाजोगाईच नव्हे, परळी, केज, धारूरच्या गावांतून लोक येथे येतात. रात्री-अपरात्री १०८ क्रमांकावर फोन केला तर रुग्णवाहिका मोफत येते.

आपल्याकडे एक सवय आहे : ताप आला की गल्लीतल्या दवाखान्यात एक इंजेक्शन आणि सलाईन. त्याने तासभर बरे वाटते, ताप उतरतो, आणि माणूस घरी येतो. फुफ्फुसातला जंतू मात्र तसाच राहतो. त्या इंजेक्शनात स्टेरॉइड असेल तर ताप दबतो आणि आजार आतून वाढतो. सलाईन हे न्यूमोनियाचे औषध नाही.

आता या पाठातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तातडीच्या विभागात पोहोचलात की डॉक्टरांना एचआयव्हीची गोष्ट सांगा. सोबत शेजारी, सासरची माणसे, गावकरी असतात म्हणून अनेक जण गप्प राहतात. ही भीती आपण समजू शकतो. पण डॉक्टरांना माहिती नसेल तर ते साधा ताप समजून गोळ्या देऊन घरी पाठवू शकतात, किंवा ज्या तपासण्या पहिल्या तासाला व्हायला हव्यात त्या तिसऱ्या दिवशी होतात. सगळ्यांसमोर बोलायचे नसेल तर “डॉक्टर, एक मिनिट एकट्याशी बोलायचं आहे” एवढे म्हणा. तेही जमत नसेल तर एआरटीचे रुग्ण-पुस्तक त्यांच्या हातात द्या. ते पुस्तक घरात अशा जागी ठेवा, की तुम्ही बोलण्याच्या अवस्थेत नसलात तर तुमच्या विश्वासाच्या एका माणसाला ते सापडेल. असा एक माणूस आजच ठरवून ठेवा.

डॉक्टर काय करतील? छातीचा एक्स-रे काढतील. रक्त घेतील, त्यातले थोडे जंतू वाढवून पाहण्यासाठी, म्हणजे कल्चरसाठी जाते. हे रक्त प्रतिजैविक सुरू करण्याआधी घेतलेले बरे, म्हणून आधी कुठल्या गोळ्या खाल्ल्या असतील तर त्यांची पाकिटे दाखवा. बेडका टीबीसाठीही तपासतील. मेंदूज्वराची शंका असेल तर पाठीच्या मणक्यातून सुईने थोडे पाणी काढावे लागते. “पाठीतून पाणी काढलं की माणूस लुळा पडतो” या समजुतीने कितीतरी घरे सही करायला नकार देतात. सुई टोचतात ती पाठीच्या खालच्या भागात, जेथे मज्जारज्जू आधीच संपलेला असतो. नंतर काहींचे डोके दोन-चार दिवस दुखते. लुळेपणा येतो तो बहुधा मेंदूज्वरामुळे, आणि दोष सुईला लागतो.

या जंतूवर औषधे आहेत आणि ती स्वस्त आहेत. सौम्य आजारात अमॉक्सिसिलिनसारखी गोळी, गंभीर आजारात सेफ्ट्रियाक्सोनसारखे शिरेतून दिले जाणारे इंजेक्शन वापरतात. कोणते, किती आणि किती दिवस हे डॉक्टरच ठरवतील. औषध दुकानातून चार गोळ्या आणून, ताप उतरला की उरलेल्या पुढच्या वेळेसाठी ठेवणे अत्यंत घातक आहे. अर्धवट औषधाने जंतू मरत नाही, आणि त्या औषधाला दाद न देणारे जंतू वाढतात. आजारपणात एआरटीची गोळी स्वतःहून बंद करू नका. “आधीच इतकी औषधं आहेत, ही राहू दे” असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना तसे सांगा.

लस : लेकरांना मोफत, मोठ्यांनी विचारून घ्यावी

न्यूमोकोकसच्या लशीचा इतिहास कष्टकऱ्यांच्या वस्तीतून सुरू होतो. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत दूरच्या गावांतून मजूर आणत आणि त्यांना एकेका खोलीत दाटीने ठेवत. न्यूमोनियाने ते इतक्या संख्येने मरू लागले, की १९११ साली आल्मरॉथ राइट या डॉक्टरने तेथेच लशीचा पहिला मोठा प्रयोग केला. पुढे १९७० च्या दशकातही खाणमजुरांमध्येच चाचण्या झाल्या आणि १९७७ मध्ये चौदा प्रकारांविरुद्धची लस मंजूर झाली. दाटी, धूर, थकवा आणि घरापासून दूर काढलेला हंगाम, हे सगळे उसाच्या फडाशेजारच्या कोपीत राहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

लहान मुलांना उपयोगी पडणारी पीसीव्ही ही लस नंतर आली. दक्षिण आफ्रिकेतच २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिने, लशीत असलेल्या प्रकारांचा गंभीर आजार एचआयव्ही नसलेल्या मुलांत ८३ टक्के आणि एचआयव्ही असलेल्या मुलांत ६५ टक्के कमी केला. म्हणजे संरक्षण थोडे कमी, पण ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांनाही भरपूर. मोठ्यांसाठीचा पुरावा मलावी देशातून आला. तेथे हा गंभीर आजार होऊन वाचलेल्या, बहुतेक एचआयव्ही असलेल्या माणसांना पीसीव्ही दिली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, लशीतल्या प्रकारांचा आजार पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांशाने घटलेले दिसले.

भारतात पीसीव्ही २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आली. ती सहा आठवड्यांना, चौदा आठवड्यांना आणि नऊ महिने झाल्यावर, अशी तीन वेळा मोफत मिळते. आपल्याच पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने डिसेंबर २०२० मध्ये दहा प्रकारांविरुद्धची स्वस्त लस आणली. पीसीव्हीत जिवंत जंतू नसतो, म्हणून ती एचआयव्ही असलेल्या बाळालाही देता येते. आशाताईंकडून बाळाचे कार्ड तपासून घ्या. बाळांच्या नाकात-घशात हा जंतू कमी झाला, की घरातल्या मोठ्यांपर्यंतही तो कमी पोहोचतो.

मोठ्यांसाठी ही लस सरकारी नेहमीच्या लसीकरणात नाही. खासगीत घ्यावी लागते आणि खर्च काही हजारांत जातो. एकाच डोसाची वीस प्रकारांची लस असते, किंवा आधी पीसीव्ही आणि किमान आठ आठवड्यांनी तेवीस प्रकारांची दुसरी लस देतात. पैसे साठवण्याआधी एआरटी केंद्रात डॉक्टरांना विचारा : मला गरज किती, कोणती घेऊ, केव्हा घेऊ. दरवर्षी फ्लूची लस घेण्याबद्दलही विचारा, कारण फ्लूने सोललेल्या श्वसनमार्गातून न्यूमोकोकस सहज आत शिरतो.

लस परवडली नाही म्हणून सगळे संपले असे नाही. बिनपैशाची ढालही मोठी आहे. एआरटीची गोळी रोज, वेळेवर. डॉक्टरांनी को-ट्रायमॉक्सझोल दिले असेल तर तेही रोज. सीडी फोर कमी असताना ते अनेक जंतूंपासून वाचवते. विडी-सिगारेट बंद, कारण धूम्रपान हा या आजाराचा मोठा सोबती आहे. दारू बंद. चुलीचा धूर बाहेर जाईल अशी वाट. सर्दी झालेल्यांनी तोंडावर रुमाल आणि हात धुणे.

हंगामाला जाणाऱ्यांसाठी

समजा, एक जोडपे कोयता घेऊन कोल्हापूर किंवा बेळगावकडे निघाले आहे. उचल घेतलेली आहे. खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. गोळ्या एका महिन्याच्या, आणि पट्टा पडायला पाच महिने. तिथे गोळ्या संपतात, नवे गाव, नवी माणसे, विचारायची लाज. फेब्रुवारीत परत एकदा ताप येतो तेव्हा शरीराची ढाल आधीच पातळ झालेली असते.

हे टाळता येते. निघण्याआधी एआरटी केंद्रात स्पष्ट सांगा : “मी अमुक भागात इतके महिने जाणार आहे.” प्रकृती स्थिर असेल तर एकाहून अधिक महिन्यांच्या गोळ्या मिळण्याची सोय आहे. जाणार त्या भागातले जवळचे केंद्र कोणते हेही लिहून घ्या. रुग्ण-पुस्तक दाखवून तेथे गोळ्या मिळू शकतात. अडले तर १०९७ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारा. खाड्याचे पैसे बुडतात ते पुढच्या हंगामात भरून निघतात. तापाचे दोन दिवस अंगावर काढले तर माणूस भरून निघत नाही.

हक्क आणि गुप्तता

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एचआयव्ही आहे म्हणून कोणत्याही दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत, भेदभाव करता येत नाही. तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि तुमची माहिती संमतीशिवाय इतरांना सांगता येत नाही. नोकरी, शाळा आणि भाड्याच्या घरातही हे संरक्षण आहे. एआरटी सरकारी केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून मोफत आहे. महाराष्ट्रात सुमारे ३.९ लाख माणसे एचआयव्हीसह जगत असल्याचा २०२१ चा सरकारी अंदाज आहे. म्हणजे हा आजार कुणा एका वस्तीचा, जातीचा नाही.

वस्तीत काय करता येईल?

विहारात रविवारी माणसे जमतात तेव्हा अर्धा तास “थंडीतला न्यूमोनिया” या विषयाला द्या. विषय न्यूमोनियाच ठेवा. म्हातारी माणसे, साखरेचे रुग्ण, लेकरे, सगळ्यांसाठी तो एकच आहे. त्यामुळे ऐकायला बसलेल्या एखाद्या ताईकडे किंवा दादाकडे कोणी बोट दाखवणार नाही, आणि माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचेल. सगळ्यांना श्वास मोजायला शिकवा. रात्री गाडी काढू शकणाऱ्या दोन-तीन तरुणांचे नंबर भिंतीवर लिहा. कुणाला कोणता आजार आहे, हे विचारू नका. तो दवाखान्यात वेळेवर पोहोचला की नाही, एवढेच विचारा.

उजळणी

घरातल्या शाळकरी मुलांनी हे प्रश्न मोठ्यांना विचारावेत :

१. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला कितीच्या पुढे गेला की धोका समजायचा?
२. टीबीचा खोकला आणि न्यूमोकोकसचा न्यूमोनिया यांच्या चालीत काय फरक आहे?
३. सीडी फोर चांगले असले तरी थंडी-तापाकडे दुर्लक्ष का करू नये?
४. आपल्या बाळाला पीसीव्हीचे तीन डोस मिळाले आहेत का? कार्ड कुठे आहे?
५. रात्री दोन वाजता धाप लागली तर कोणता नंबर लावायचा?

पाचही उत्तरे आली, तर या थंडीसाठी आपले घर तयार आहे.